मुकादम गवत का खातो

४ मार्च, सोमवार

कंपनीतून निवृत्त होताना पोरांनी ही जाडजूड डायरी हातात ठेवली. "लिहा आता निवांत!" म्हणे. काय लिहू, कपाळ? उभा जन्म लिफ्टच्या खड्ड्यात उतरून वंगण फासण्यात गेला. तेव्हापासून डायरी कोरी पडून होती. आज मात्र विषय आपणहून चालत आला, तोही चार पायांवर.

मुकादम गवत खातो.

मुकादम म्हणजे लेकीचा कुत्रा. तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली, तिथल्या घरमालकाला कुत्रं चालत नाही, म्हणून हे ध्यान आमच्या गळ्यात. तिने त्याला कुठल्याशा सिनेमातलं नाव ठेवलं होतं, ते माझ्या जिभेवर बसेना. हा दिवसभर दारात बसून दुसऱ्यांची कामं बघतो आणि स्वतः इकडची काडी तिकडे करत नाही, म्हणून मी त्याला मुकादम म्हणायला लागलो. नाव त्यालाही पटलेलं दिसतंय, लगेच कान टवकारतो.

आज सकाळी शेजारच्या पोस्टमास्तरांच्या हिरवळीवर उभा राहून शेळीसारखा चरत होता. पोस्टमास्तरही निवृत्तच, पण तोरा अजून शिक्का हातात असल्यासारखा. कुंपणापलीकडून ओरडले, "अहो, तुमचं जनावर माझं लॉन खातंय!" मी म्हटलं, "खाऊ द्या की, तुमचे कापायचे कष्ट वाचले." तेवढ्यात मुकादम घरात पळाला आणि नेमका माझ्या वर्तमानपत्रावर ओकला. अजून वाचायचं होतं मला.

बायको फडकं घेऊन आली. म्हणाली, "अहो, कुत्री खातातच गवत."

"तुला काय माहीत?"

"मग तुम्हाला तरी काय माहीत?"

मला खरंच माहीत नव्हतं. म्हणून आजपासून शोध सुरू. बिघाड शोधणं हा तर माझा धंदा.

६ मार्च, बुधवार

चौकशी केली. खाटीक म्हणाला, पोट बिघडलं की खातात, ओकून मोकळी होतात. औषधांच्या दुकानातला म्हणाला, जंत असणार. पोस्टमास्तरांना मी विचारलंही नव्हतं, तरी ते बोललेच, "उपाशी ठेवत असाल." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मुकादमाकडे बघून उपासमार कुणाला सुचेल? गेल्या महिन्याभरात त्याची कंबर कुठे आणि पोट कुठे ते कळेनासं झालंय.

संध्याकाळी बायकोला हे सगळं ऐकवलं. ती शिलाई मशीनवर होती. घरबसल्या लोकांचे कपडे उसवून, सैल-घट्ट करून देते, हात चांगला आहे, गिऱ्हाईक तुटत नाही. माझं सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "माझ्यासाठी कधी एवढे हिंडला नाहीत."

मी म्हटलं, "तू कधी माझ्या पेपरवर ओकलीस?"

ती इतकी हसली की तिला ठसकाच लागला. पाणी प्यायली तरी बराच वेळ छातीवर हात धरून बसली होती. तिला हसवायला अजून जमतं मला, याचं बरं वाटलं.

९ मार्च, शनिवार

मुकादमाला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. पोरगी लेकीच्याच वयाची, पण काय तो आत्मविश्वास! मुकादमाने तिच्या टेबलावर अंग सोडून दिलं, मेल्याने. मी माझी यादी सांगितली: पोट, जंत, उपासमार.

ती म्हणाली, "काका, बहुतेक कुत्री गवत खातात. चांगली ठणठणीत असतात आणि खातात. त्यातली थोडीच ओकतात. रानातले लांडगेसुद्धा खातात. पोट दुखतं म्हणून खातात असं सगळे म्हणतात खरं, पण दर वेळी तसं काही नसतं. काहींना नुसतं आवडतं. औषध मारलेलं गवत खाऊ देऊ नका, म्हणजे झालं."

"पण हा ओकतो."

"हो, कारण हा फार खातो. गवत नव्हे, अन्न." तिने काट्यावर वजन दाखवलं. "गवत खाऊन कोणी असं होत नाही. तुम्ही काय घालता?"

मी सांगितलं, दोन वेळा मापून, त्याच्या डब्यातलं. वर काही नाही.

"मग दुसरं कोणीतरी घालतंय," ती म्हणाली.

परत येताना मुकादमाला बजावलं, "बघ, तुझ्यामुळे मी तिच्यासमोर खोटा पडलो." त्याने एका खांबाजवळ पाय वर केला.

लिफ्ट बंद पडली की नवशिकं पोरगं सगळंच उघडून बसतं. मी तसं कधी केलं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बघायचं काय होतं ते. इथेही तसंच करायचं.

१० मार्च, रविवार

लेकीचा फोन. आधी अर्थातच कुत्रा. "बाबा, तुम्ही त्याला लाडावून ठेवलंय." मी आणि लाड? मी डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगितलं. मग म्हणाली, "आई कशी आहे? मागच्या वेळी तिचा आवाज दमलेला वाटला."

"तिला काय धाड भरलीय? दिवसभर मशीन चालू आहे."

बायकोने लगेच फोन घेतला आणि लेकीला इतके प्रश्न विचारले, जेवतेस का, झोपतेस का, की लेकीला बोलायला जागाच उरली नाही. आई ती आईच.

१३ मार्च, बुधवार

तीन दिवस मुकादमाला दोरीशिवाय बाहेर सोडलं नाही. गवताचं पातं नाही. तरी आज दुपारी ओकला. म्हणजे गवताचा दोष नाही, गवत सुटलं निर्दोष.

ओकारी नीट बघितली. बायको म्हणाली, "शी! काय करताय?" तपासणी करतोय. भात, गाजराचे तुकडे आणि मटणाचे धागे. त्याच्या डब्यातलं यातलं काहीच नाही. आमच्याकडे काल मटण होतं खरं, पण उरलं नव्हतं. माझं ताट चाटूनपुसून, तिचंही लख्ख. पातेलं मीच घासलं. म्हणजे बाहेरचं. आणि बाहेर म्हणजे कोण? ज्याची हिरवळ आहे तो. गोड बोलून खायला घालायचं आणि वर "उपाशी ठेवता का" म्हणून विचारायचं!

दुपारी आणखी एक काम निघालं. भांडी विसळताना बायकोची अंगठी बोटातून निसटून मोरीत गेली. मी खालचा पाइप खोलून काढून दिली. किती दिवसांनी पाना हातात घेतला! फार बरं वाटलं. तिला म्हटलं, घाल आता. म्हणाली, "साबणाने घसरते हो," आणि बटणांच्या डब्यात ठेवून दिली.

१६ मार्च, शनिवार

पोस्टमास्तरांशी वाजलं. मी सभ्यपणेच सुरुवात केली होती. "तुम्ही आमच्या कुत्र्याला मटण घालता का?" एवढंच विचारलं. त्यांचा चेहरा आधी पांढरा आणि मग लाल झाला.

"मी?" ते म्हणाले. "अहो, मी एकटा माणूस. पाव आणि अंडं यावर दिवस काढतो. आमची ही गेल्यापासून माझ्या घरात मटण शिजलेलं नाही. तुमच्या कुत्र्याला घालायला कुठून आणू?"

"मग कोण घालतं?"

"आधी स्वतःच्या घरात बघा!" आणि धाडकन दार लावून घेतलं.

थोडं चुकल्यासारखं वाटलं. पण थोडंच. खरा चोर दार असंच आपटतो.

बायकोला सांगितलं तर तिने मशीन थांबवली. "तुम्ही त्यांना असं बोललात? जा, माफी मागून या." मी म्हटलं, पुरावा मिळाला की मागेन. ती नुसती मुकादमाच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. तो तर हल्ली तिचाच झालाय. जेवणाची वेळ झाली की मला ओळखसुद्धा दाखवत नाही, तिच्या खुर्चीखाली जाऊन बसतो.

१९ मार्च, मंगळवार

आज काही सुगावा नाही. मुकादम पुन्हा ओकला, पुन्हा तेच, भात आणि अंड्याचा बलक. पोस्टमास्तरांकडे अंडी असतात. नोंद घेतली.

मशीनवर बायकोचा निळ्या फुलांचा झगा होता. तिचा स्वतःचा. दोन्ही बाजूंनी चांगला आत घेत होती. मी म्हटलं, "गिऱ्हाईकं संपली वाटतं?" म्हणाली, "हल्ली असंच घालतात, अंगाबरोबर." या वयात फॅशन! पण हौस असावी माणसाला.

रात्री तिचं जेवण मात्र हल्ली गिळगिळीत. माझ्यासाठी वेगळं करते, स्वतः सूप नाहीतर मऊ भात. "दाढ दुखते," म्हणते. मी सांगितलं, दातांच्या डॉक्टरकडे जा. जाईन म्हणाली. मुकादमाला मी कुणी न सांगता नेलं आणि ही बाई दाढेसाठी टाळाटाळ करते.

२१ मार्च, गुरुवार

आज लिहितोच, नाहीतर मला वेड लागेल.

आज दुपारी सापळा लावला होता. मी नेहमीसारखा भराभर जेवलो. लिफ्टमध्ये माणसं अडकलेली असताना जेवायची सवय, त्यामुळे माझं जेवण म्हणजे चार घासांत खलास, आणि लगेच अंगणात पेपर घेऊन. ती सावकाश जेवते, तेव्हा टेबलाशी एकटीच असते. आज पेपर न घेता म्हटलं, बॅटरीचे सेल आणतो, आणि मागच्या बाजूने वळसा घालून पाण्याच्या टाकीमागे दबा धरून बसलो. मुकादम बाहेर येणार, पोस्टमास्तर कुंपणावरून हात पुढे करणार आणि मी रंगेहाथ पकडणार.

मुकादम आलाच नाही. पोस्टमास्तर खुर्चीत घोरत होते. पाय अवघडले म्हणून मी जरा वळलो तर समोर आमच्याच स्वयंपाकघराची खिडकी.

ती टेबलाशी बसली होती. एक घास तोंडात घातला. चावत राहिली, चावत राहिली. मग मान पुढे काढून गिळायला बघितलं. पाणी प्यायली. पुन्हा मान पुढे. मग तोंडाला फडकं लावलं आणि तो घास त्यात काढला. टेबलाखाली हात नेला. मुकादमाने खाल्ला. मग तिने ताटातलं मटण बोटांनी वेचलं, एकेक तुकडा खाली. मग भात. ताट रिकामं झाल्यावर ती डोळे मिटून बसली, एखाद्याने ओझं उतरवून ठेवावं तशी.

आणि मी काय केलं? मी धावत आत गेलो आणि ओरडलो. "घरातच चोर! त्याला मारून टाकशील तू! मी गावभर फिरलो, त्या माणसाचा अपमान केला, आणि तू..." अजून बरंच बोललो.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला गिळवत नाही हो."

"दाढ..."

"दाढ नाही. खाली उतरतच नाही. इथे अडकतं." छातीच्या मधोमध हात ठेवला. तो हात मी आज पहिल्यांदा बघितला. नुसती हाडं.

"कधीपासून?"

"हिवाळ्यापासून. आधी मटण अडकायचं, मग भात. आता कधीकधी सूपसुद्धा."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"आईचं असंच झालं होतं," ती म्हणाली. "आधी असंच. मग तिला नेलं, तपासलं, डॉक्टरांनी सांगितलं काय आहे ते, आणि आई महिन्याभरात आटोपली. मला वाटलं, जोवर कोणी सांगत नाही तोवर चालतंय तेवढं चालू दे. आणि तुम्ही घरी बसल्यापासून नुसते भिंतीकडे बघत होता. या कुत्र्याच्या मागे लागलात तेव्हा पहिल्यांदा जरा हसायला लागलात. म्हटलं, आत्ता नको."

मला तिचा राग आला. कुत्र्याचा आला, तो मेला अजूनही शेपूट हलवत होता. माझा तर इतका आला की मी मोरीजवळ जाऊन नळ सोडला आणि उभा राहिलो. मला रडू येत होतं आणि ते तिला दिसू द्यायचं नव्हतं. पण दिसलंच.

उद्या डॉक्टर. ती नको म्हणाली. मी म्हटलं, नको म्हणायचं काम आता तुझं नाही.

२२ मार्च, शुक्रवार

डॉक्टरांनी काट्यावर उभं केलं. जुन्या कागदावरचा आकडा आणि आजचा आकडा त्यांनी शेजारी शेजारी लिहिला आणि माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याने मेल्याहून मेल्यासारखं झालं. हिच्याबरोबर मी रोज एकाच घरात राहत होतो.

घशातून नळी घालून आतून बघायचं आहे. मंगळवारी. तोवर पातळच द्यायचं.

लेकीला फोन केला. ती रडली, मग मला रागावली, मग म्हणाली, "बाबा, तुम्ही जेवलात का?" तेव्हा आठवलं, नव्हतो जेवलो.

२४ मार्च, रविवार

पोस्टमास्तरांकडे गेलो. दार उघडून उभे राहिले, आत या म्हणाले नाहीत. मी म्हटलं, "चूक माझी. मटण माझ्याच घरातून जात होतं." आणि का जात होतं तेही सांगितलं. 

त्यांनी मला हाताला धरून आत नेऊन बसवलं. माणूस तसा चांगला आहे, तोरा असला म्हणून काय झालं. म्हणाले, "माझ्या हिचं तर मला बघायलाही मिळालं नाही. सकाळी चहा ठेवला आणि पडली. तुमच्याकडे वेळ आहे, गडबडीत घालवू नका. नुसते पळू नका, जवळ बसा."

संध्याकाळी भोपळ्याचं सूप स्वतः करून घेऊन आले. मिठाचा पत्ता नव्हता. बायकोने अर्धी वाटी घेतली आणि म्हणाली, छान झालंय. मला माहीत आहे ती खोटं बोलत होती, पण अर्धी वाटी पोटात गेली.

२६ मार्च, मंगळवार

आत नेलं तेव्हा तिने माझ्या हातात चष्मा दिला. मी तो घेऊन बाहेर बसलो. आमच्या धंद्यात आत माणूस अडकला की मी दारातून बोलत राहायचो, घाबरू नका, मी इथे आहे, काढतोच बाहेर. आज मी बाहेर होतो आणि ती आत, आणि मला बोलायची परवानगी नव्हती.

डॉक्टर बाहेर आले. अन्ननलिका खालच्या टोकाला फार अरुंद झाली आहे, म्हणाले. शहाळ्याच्या नळीएवढी वाट उरली आहे. कशामुळे ते नक्की सांगता येत नाही. आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला आहे. "वाईट असेल का?" मी विचारलं. "असू शकतं, नसूही शकतं," म्हणाले. "तपासणीचा अहवाल आल्याशिवाय मी काही बोलणार नाही."

घरी येताना ती म्हणाली, "आईला पण असंच म्हणाले होते." मी म्हटलं, "तुझ्या आईला ही असली नळी घातली होती का?" म्हणाली, नाही. मी म्हटलं, "मग ते असंच कसं?" माझ्या बोलण्यात काही अर्थ नव्हता, पण तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.

२९ मार्च, शुक्रवार

अहवाल नाही आला. फोन केला, उद्या म्हणाले. मुकादमाला फिरवलं. कोपऱ्यावरच्या इमारतीतली लिफ्ट कुरकुरत होती. मला ऐकू आलं, मी थांबलो नाही.

लेक येऊन राहिली आहे. आईच्या खोलीत झोपते. दोघी कुजबुजत असतात, मी गेलो की गप्प होतात. मला वगळल्याचं वाईट वाटतं, पण बाहेर बसून तो आवाज ऐकत राहायलाही बरं वाटतं.

१ एप्रिल, सोमवार

कर्करोग नाही.

दुसऱ्यांदा लिहितो. कर्करोग नाही. वर्षानुवर्षं पित्त वर येत राहिलं, तिथे जखम होऊन भरली, पुन्हा झाली, पुन्हा भरली, आणि तो भाग आवळत गेला. पित्ताच्या गोळ्या ती मूठमूठ चघळायची, ते मला माहीत होतं. त्या गोळ्या मीच आणून द्यायचो.

डॉक्टर म्हणाले, आत फुगा घालून वाट रुंद करू. एकदाच पुरेल असं नाही, पुन्हा आवळलं तर पुन्हा करावं लागेल, आणि औषध कायम. "इतकं अंगावर काढायला नको होतं," म्हणाले. तिने मान खाली घातली. मी म्हटलं, "डॉक्टर, तिला नका बोलू. मला बोला."

बाहेर आल्यावर ती बाकावर बसली आणि हुंदके देऊन रडली. मी म्हटलं, अगं, चांगली बातमी आहे. म्हणाली, "म्हणूनच. मी इतके दिवस कशाला घाबरले?" लेकीने आम्हा दोघांना एकदम मिठी मारली. माझा चष्मा वाकला.

१० एप्रिल, बुधवार

काल फुगा घालून झालं. आज घरी आलो. घसा दुखतो म्हणते. पाणी मात्र सरळ उतरलं. प्यायल्यावर ती आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो.

मुकादमाला परवा डॉक्टरीणबाईंना दाखवलं होतं. वजन उतरलंय. तिच्या ताटातलं बंद झाल्यापासून एकदाही ओकला नाही. तरी आज सकाळी पोस्टमास्तरांच्या हिरवळीवर पुन्हा चरत होता, अगदी चवीने, टोकाची कोवळी पाती निवडून. मी विचारलं होतं, मग का खातो? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आवडतं म्हणून, काका. सांगितलं होतं की मी." तर एवढंच होतं. पोस्टमास्तर खिडकीतून बघत होते. ओरडले नाहीत.

१४ एप्रिल, रविवार

डॉक्टरांनी आजपासून मऊ पण घट्ट खायला सांगितलंय. स्वयंपाक मी केला. लेक नोकरीवर परत गेलीय, तिने फोनवरून सांगितलं तसं भात मऊ शिजवला, गाजर उकडून कुस्करलं, अंडं घातलं. भाताने तळ धरला. वरचा भाग चांगला होता.

तिच्या समोर बसलो. मी जेवलो नाही, नुसता बसलो. तिने चमचा उचलला, मी बघितलं. तोंडात घातला, मी बघितलं. ती चावायला लागली आणि मीही रिकाम्या तोंडाने चावायला लागलो, माझं मलाच कळलं नाही.

तिने चमचा खाली ठेवला. "अहो, असं टक लावून बघितलंत तर माझ्याने काही उतरणार नाही."

"बघत नाही."

"बघताय. डोळे बाहेर पडतील. तिकडे तोंड करा."

"तू मुकादमाला घालशील."

"त्याला बाहेर बांधलंय तुम्हीच."

खरं होतं. मग मी खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसलो. भिंतीला पोपडे आलेत, रंग काढावा लागेल. मागे चमचा वाटीला लागला. मग काही नाही. मग ती पाणी प्यायली. मी मनात म्हणत होतो, उतर, उतर बाबा खाली. पुन्हा चमचा. पुन्हा पाणी नाही, नुसता चमचा. मग पुन्हा चमचा. मी श्वास रोखून बसलो होतो. वळायचं नाही असं कबूल केलं होतं.

वाटीचा तळ खरवडल्याचा आवाज आला.

"अजून आहे का?" तिने विचारलं.

मी उठलो. पातेलं समोरच होतं, पण मला काही केल्या दिसेना.